देवळाच्या वेळेवर चालणारी खोली

मदुराईच्या पश्चिम पेरुमाळ मेस्त्री रस्त्यावरच्या लॉजमधली खोली चांगली की वाईट, हे त्या खोलीत बसून ठरवता येत नाही. गादी किती मऊ, भिंतीचा रंग कुठे उडालाय, पंखा किती कुरकुरतो अशा निकषांवर ती मध्यम प्रतीची ठरेल आणि विषय तिथेच संपेल. तिचा गुण कळायला ती मीनाक्षीच्या देवळाशी लावून पाहावी लागते. देऊळ पहाटे पाचला उघडतं, दुपारी साडेबाराच्या सुमारास मिटतं, चारला पुन्हा उघडतं आणि रात्री देवाला शेजघरात पोचवून बंद होतं. या वेळापत्रकात जे मोकळे तास उरतात, त्यांच्यासाठी ही खोली घडलेली आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्रानं औचित्याला काव्याचा प्राण मानलं. अलंकार कितीही देखणा असला तरी तो योग्य जागी नसेल तर त्याची शोभा होत नाही, असं त्याचं म्हणणं. मदुराईतल्या साध्या लॉजला मी हीच कसोटी लावते, आणि तिथं तो मला भारी वाटतो.

आधी जागा पाहू. मदुराईचं जुनं शहर देवळाभोवती एकात एक बसलेल्या चौकोनांचं आहे. देवळाच्या तटाच्या आत आडी रस्ते, तटाला लागून बाहेर चित्तिरै, मग आवणी मूल, मग मासी. ही तमिळ महिन्यांची नावं. त्या त्या महिन्याच्या उत्सवाची मिरवणूक त्या त्या चौकोनातून फिरावी अशी ती योजना. आज चित्तिरै महिन्यातला मोठा रथ मात्र ऐसपैस मासी रस्त्यांवरून ओढतात. मासीच्या बाहेर पडलं की महिने संपतात आणि माणसांची नावं सुरू होतात: मारेट, पेरुमाळ मेस्त्री. इथं नायक राजांच्या किल्ल्याचा तट होता, खंदक होता. १८४० च्या दशकात ब्लॅकबर्न नावाच्या कलेक्टरनं तट पाडायला आणि खंदक बुजवायला घेतला. त्या कामावरच्या माणसांची नावं नव्या रस्त्यांना मिळाली. त्याच्याही बाहेर वेली रस्ते, आणि पश्चिम वेलीला खेटून रेल्वे स्टेशन. १८७५ मध्ये मदुराईला आगगाडी आली, तेव्हा स्टेशन आणि देऊळ यांच्यामधली ही पट्टी उतारूंच्या वाट्याला येणं ओघानंच आलं. ज्या रेषेवर एके काळी परक्याला अडवत, तिथं आता परक्याला किल्ली मिळते. लॉजवर जाताना मी हे दर वेळी मनात आणते, कारण त्यामुळे जिने चढण्याचा अर्थ बदलतो. आपण शहराच्या तटावर चढत असतो.

स्टेशनसमोर राणी मंगम्माळचं चत्रम आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस नातवाच्या नावानं राज्य चालवणारी ही नायक राणी. रस्ते, झाडं, धर्मशाळा यांसाठी आपल्याकडे अहिल्याबाईंचं नाव निघतं तसं दक्षिणेत तिचं निघतं. चत्रम म्हणजे वाटसरूला छप्पर आणि जेवण. तंजावरच्या मराठ्यांनी ही रीत आपली मानली. दुसऱ्या सरफोजीनं १८०२ मध्ये ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावानं मोठं छत्र बांधलं. रामेश्वरच्या वाटेवरचे यात्रेकरू तिथं उतरत, जेवत. लॉज या घराण्यातला पैसे घेणारा वारस. त्यानं जेवण सोडलं, दानही सोडलं. यात्रेकरूला नेमकं काय लागतं याची जाण तेवढी राखली. आणखी एक गोष्ट त्यानं सोडली ती बरी झाली. जुन्या चत्रमांत जातीप्रमाणे जागा आणि पंगती वेगळ्या असत. लॉजनं खोलीला भाव लावला आणि निदान रजिस्टरातून तरी तो रकाना गेला.

त्या रजिस्टरापासून वाचायला सुरुवात करावी. काउंटर बहुधा सनमायक्याचा, त्यावर काच, काचेखाली गाड्यांची वेळापत्रकं आणि कुणाकुणाची कार्डं. मागच्या भिंतीवर हातात पोपट घेतलेली हिरवी मीनाक्षी, तिला ताजा मोगरा, तिच्या बाजूला किल्ल्यांचा फळा. रजिस्टरात नाव, वय, पत्ता यांच्यापुढे दोन रकाने असतात: कुठून आलात आणि इथून कुठे जाणार. हे दोन रकाने वरून खाली वाचत गेलं की दक्षिणेची सगळी यात्रा समोर उभी राहते. रामेश्वरहून आले, कन्याकुमारीला निघाले. पळणीहून आले, तिरुचेंदूरला निघाले. तिरुपती, श्रीरंगम, मदुराई, मग शबरीमला. क्वचित एखाद्या ओळीत पंढरपूर दिसतं. येण्याचं कारण विचारणाऱ्या रकान्यात वरच्या नोंदीखाली 'वरीलप्रमाणे' अशी दोन टिंबं पानभर उतरत गेलेली असतात, आणि सगळ्यात वर एकदाच लिहिलेलं असतं: दर्शन.

भाव चोवीस तासांचा. ही दक्षिणेतल्या लॉजची फार मोठी सोय आहे, आणि तिचं कौतुक हवं तेवढं होत नाही. मोठ्या हॉटेलांत दिवस दुपारी बाराला किंवा दोनला सुरू होतो. पहाटे येणाऱ्यानं लॉबीत डुलक्या घ्यायच्या. इथं तुमचा दिवस तुम्ही पोचता त्या मिनिटाला सुरू होतो. चेन्नईची रात्रीची गाडी पहाटे मदुराईला लागते, मग पहाटे साडेपाचची नोंद होते आणि दुसऱ्या पहाटे साडेपाचपर्यंत खोली तुमची. त्यात सकाळचं दर्शन, दुपारची झोप, संध्याकाळचं दर्शन, रात्रीची शेजारती आणि पुढच्या गाडीआधीची आंघोळ एवढं सगळं बसतं. हा हिशेब ज्यानं पहिल्यांदा केला, त्याला यात्रेकरूचा दिवस आतून ठाऊक होता.

आता खोली. मी बहुतेक वेळा आईला घेऊन जाते, आणि आई खोलीत शिरली की पलंगाकडे पाहतही नाही. आधी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते. "अगं, नळाला जोर आहे," एवढं आतून ऐकू आलं की खोली पास. मला हे वाचन अचूक वाटतं. यात्रेच्या लॉजचा केंद्रबिंदू पलंग नव्हे, पाणी. दर्शनाआधी आंघोळ, प्रवासातून आल्यावर आंघोळ, आणि मदुराईच्या उकाड्यात मधे आणखी एक. त्यामुळे चांगल्या लॉजच्या न्हाणीघरात शोभेचं काही नसतं. मोठी बादली, मग, बसून आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी प्लॅस्टिकचं स्टूल, हाताला सापडेल अशा उंचीवर खुंट्या. गरम पाणी पहाटेच्या ठरल्या वेळात. ती वेळ भिंतीवर तमिळ आणि इंग्रजीत रंगवलेली असते. देऊळ उघडण्याच्या वेळेशी ती जुळलेली असते. आठ वाजता उठणाऱ्याला ती जाचक वाटेल, पण खोली त्याच्यासाठी नाहीच.

जुन्या लॉजमध्ये जमीन लाल कोब्याची असते. वापरून वापरून तिला आलेली झिलई आणि अनवाणी पायाला लागणारा तिचा गारवा या दोन्ही गोष्टी देवळातल्या दगडी फरशीशी नातं सांगतात. बाहेरून आल्यावर पायांना फार वेगळ्या जगात आल्यासारखं वाटत नाही. लोखंडी किंवा सागवानी पलंग, काथ्याची कडक गादी, आणि कपाटाच्या वर गुंडाळून ठेवलेल्या चटया. या चटयांचा अर्थ कार्तिकात कळतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत मदुराईचे लॉज शबरीमलाला जाणाऱ्या अय्यप्पा भक्तांनी भरतात. एक्केचाळीस दिवसांचं व्रत, काळे किंवा निळे कपडे, गळ्यात माळ, दोन वेळा गार पाण्यानं आंघोळ आणि जमिनीवर झोप. त्यांना पलंगाची गरजच नसते. काउंटरवरचा माणूस न विचारता चटया काढून देतो आणि पलंग भिंतीला उभे करतो. एरवी जी खोली तिघांची, तीत सहा जण ओळीनं झोपतात. पहाटे चारला पॅसेजमधून "स्वामिये शरणम् अय्यप्पा" असा पुकारा उठतो आणि दारं एकामागून एक उघडतात. गच्चीवर काळ्या लुंग्या वाळत पडतात. पुढे थैपूसमच्या सुमाराला पळणीला चालत निघालेल्या मुरुगाच्या भक्तांची हिरवी आणि पिवळी वस्त्रं, कधी मेलमरुवत्तूरच्या देवीचं व्रत घेतलेल्या बायकांच्या लाल साड्या. लॉजच्या दोरीवरचा रंग पाहून तमिळनाडूत कोणतं व्रत चालू आहे ते सांगता येतं.

खोलीत माणसांच्या खुणाही राहतात, आणि त्या पुसल्या जात नाहीत. आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या असतात. मरून, काळ्या, एखादी खड्याची. आंघोळीला जाताना काढून लावलेल्या आणि निघण्याच्या घाईत राहून गेलेल्या. उशीजवळच्या भिंतीवर विभूतीचं पुसट बोट. दाराच्या चौकटीवर कुणीतरी ओढलेल्या कुंकवाच्या दोन रेघा. स्वच्छतेच्या काटेकोर नजरेला हे खपणार नाही, आणि चादर मळकी असेल तर मीही खपवून घेत नाही. पण टिकल्यांचं मला वाईट वाटत नाही. या खोलीत आपल्याआधी बाया तयार झाल्या, केस विंचरले, पदर नीट केला आणि देवीसमोर गेल्या, एवढं ती कडा सांगते. आईनंही एकदा तिथं आपली लावली आणि निघताना मुद्दाम तशीच ठेवली.

खोलीत स्वयंपाकाला मनाई असते, दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. तरी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रा कंपन्यांनी यातून आपली वाट काढली आहे. त्यांच्या बसमध्ये आचारी, मोठी पातेली, शेगडी आणि पीठ-डाळीची पोती असतात; लॉजमालकाशी बोलून मागच्या अंगणात किंवा गाड्या लावायच्या जागेत चूल मांडतात. मदुराईच्या एका बोळात अचानक लसणाच्या फोडणीचा आणि पिठल्याचा वास यावा, आणि "आजोबा, पान वाढलंय" अशी हाक कानावर पडावी, हा अनुभव मी घेतलेला आहे. नाशिक-जळगावकडची साठी ओलांडलेली माणसं ताटं मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसलेली, आणि लॉजचा पोऱ्या कुतूहलानं भाकरीकडे पाहतोय. त्यांनी इडली खावी असं मला वाटतंच. मदुराईला येऊन इडली, पुट्टू, गूळ-सुंठ घातलेलं सरकीचं दूध यांना तोंड न लावता परतणं म्हणजे अर्धी मदुराई सोडून जाणं. पण दहा-बारा दिवसांच्या प्रवासात म्हाताऱ्या पोटाला ओळखीचा घास लागतो, आणि लॉज त्याला अंगण देतो.

मदुराईला मुक्कामाला आलेल्या जोडप्याची फार जुनी गोष्ट 'शिलप्पदिकारम' या इळंगो अडिगळच्या तमिळ महाकाव्यात आहे, आणि तिच्यातही हा घास आहे. कोवलन आणि कण्णगी सगळं गमावून पुहारहून चालत मदुराईला येतात. सोबतची कवुंती ही जैन साध्वी कण्णगीला शहराबाहेरच्या गवळीवाड्यात माधरी नावाच्या गवळणीच्या स्वाधीन करते. उसन्या घरात, उसन्या भांड्यांत कण्णगी नवऱ्यासाठी रांधते, केळीच्या पानावर वाढते. तो जेवतो, तिच्या पायातला एक तोडा विकायला शहरात जातो, आणि चोरीच्या खोट्या आळात मारला जातो. पुढे ती मदुराई जाळते. एवढ्या भयंकर कथेत कवीनं वेळ काढून परक्या घरातला तो स्वयंपाक रंगवला आहे. परगावी पहिला घास कुठे आणि कुणाच्या आसऱ्यानं पोटात गेला हे माणूस विसरत नाही, हे त्याला माहीत होतं. लॉजच्या अंगणात पंगत बसलेली पाहिली की मला कण्णगीचं ते पान आठवतं.

दुपार हा लॉजचा खरा प्रहर. साडेबाराला देवळाची दारं मिटली की चारी गोपुरांतून माणसं बाहेर पडतात. उन्हानं रस्त्याचं डांबर तापलेलं, पायात चपला नाहीत, कारण त्या दुसऱ्या गोपुराशी ठेवलेल्या. त्या वेळी या बाहेरच्या चौकोनापर्यंतचं अंतर बरोबर वाटतं. पंधरा मिनिटांची चाल, देवळातलं डोक्यातून उतरायला आणि भूक लागायला पुरेशी. वाटेत जेवण, पानावर. मग जिने. खोलीचं दार उघडलं की आत अंधार असतो, आणि तो अंधार मुद्दाम राखलेला. खिडकीला दुधी काच, जाड पडदा, बाहेर जाळी. हॉटेलांच्या जाहिरातीत उजेड आणि देखावा विकतात. मदुराईच्या दुपारी अंधार हीच चैन. पंखा पूर्ण वेगात, कोब्यावर चटई, आई पलंगावर आडवी, पाय दाबायला सांगते. अडीच-तीन तास सगळी इमारत झोपते. लिफ्ट थांबते, पॅसेजमध्ये एखादी बादली तेवढी वाजते.

झोप लागली नाही तर सकाळचं देऊळ पुन्हा आठवता येतं. मीनाक्षीचं आधी, मग सुंदरेश्वराचं, हा इथला क्रम. पोट्रामरै कुळम म्हणजे सोनकमळाचं तळं, त्याच्या पायऱ्यांवर टेकलेली माणसं. हजार खांबांचा म्हणतात आणि प्रत्यक्षात ९८५ खांब असलेला तो मंडप. एवढ्या मोठ्या रचनेत सकाळभर फिरल्यावर डोळ्यांना जे हवं असतं ते म्हणजे काहीच नसलेली भिंत. लॉजच्या भिंतीवर एक कॅलेंडर, एक खुंटी, एक ट्यूबलाइट. ज्या गोपुरांवर बोटभर जागाही रिकामी सोडलेली नाही, त्यांच्या शेजारी ही रिकामी भिंत मला मोठी सुंदर वाटते. देवळालगतच्या खोलीत नटराज, कमळं आणि लाकडी कोरीवकाम लावणाऱ्यांना हे समजलेलं नसतं.

साडेतीनच्या सुमाराला दारावर टकटक होते. "अम्मा, कापी?" पोऱ्याच्या हातात स्टीलचा थर्मास आणि बोटांत अडकवलेले डबरा-टंबलर. कॉफी लॉजची नसते, कोपऱ्यावरच्या दुकानातली. लॉज स्वतः काही रांधत नाही, पण भोवतालच्या गल्लीला आपलं स्वयंपाकघर करून घेतो: कॉफी इथून, इडली तिथून, फुलं दारातल्या बाईकडून. मदुराईचा मोगरा, मल्ली, जाड पाकळ्यांचा आणि दाट बांधलेला. २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बाई तो कोपरापासून बोटापर्यंत हातावर मोजून देते. आईनं तो माळला की खोलीचा वास बदलतो आणि रात्रभर तसाच राहतो. त्याच बाईच्या पलीकडे कधी सौराष्ट्री विणकरांच्या घरातली माणसं भेटतात. सुंगडी साड्यांचं काम करणारा हा समाज शतकांपूर्वी गुजरातेकडून इथं येऊन स्थिरावला. त्यांची घरातली बोली कान देऊन ऐकली तर गुजरातीच्या आणि मराठीच्या ओळखीचे शब्द मधे मधे डोकावतात. तमिळच्या अखंड प्रवाहात एखादा शब्द कळला की आई थबकून मागे वळते.

चारच्या दर्शनाला निघताना फोन खोलीत ठेवतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये देवळाच्या वीरवसंतरायर मंडपात आग लागली, दुकानं जळाली, दगड तडकले. त्यानंतर न्यायालयाच्या आदेशानं भाविकांना देवळात मोबाइल नेण्याची बंदी झाली. दारांवर फोन ठेवायची सोय आहे, पण लॉजवर उतरलेली बरीच माणसं तो उशीखाली ठेवून कुलूप लावतात. तेव्हापासून या खोल्यांना एक नवं काम आलंय. आपण नसताना फोन तिथं वाजत राहतो, आणि आपण दगडी खांबांच्या रांगेत दोन-तीन तास कुणालाच सापडत नाही. तिन्हीसांजेला परत येऊन ते सगळे चुकलेले कॉल पाहताना, यातला एकही तिथं घेण्याजोगा नव्हता, हे आईसुद्धा म्हणाली.

गच्चीविषयी सगळेच लिहितात, कारण तिथून गोपुरं दिसतात. मी थोडक्यात सांगते. देवळाभोवतीच्या इमारतींच्या उंचीला नऊ मीटरची मर्यादा घालणारा नियम आहे. तो सगळ्यांनी पाळलेला नाही, आणि ज्या गच्चीवर आपण उभे असतो तिनंही बहुधा नाही. पश्चिमेकडून पाहताना पश्चिम गोपुर जवळ, उजवीकडे दक्षिण गोपुर, सोळाव्या शतकातलं, सुमारे १७० फूट, सगळ्यांत उंच. डावीकडचं उत्तर गोपुर फार काळ अपुरं होतं. लोक त्याला मोट्टै म्हणजे बोडकं म्हणत, आणि आजही त्यावर मूर्ती कमीच. मला तेच आवडतं, कारण त्याची चढती रेघ स्वच्छ दिसते. २००९ च्या कुंभाभिषेकाआधी रंगकामासाठी गोपुरं बांबू आणि झावळ्यांनी झाकली होती. त्या काळात गच्चीवर आलेल्यांना गोपुरांच्या जागी झावळ्यांचे उंच डोंगर दिसले. गच्चीचं खरं काम तरी देखाव्याचं नाही. ती कपडे वाळवायची जागा. दोरीवरच्या ओल्या साड्यांच्या फटीतून दिसणारं गोपुर हे सबंध दिसणाऱ्या गोपुरापेक्षा जास्त मदुराईचं आहे.

रात्री नऊच्या पुढे देवळात पुन्हा जावं. सुंदरेश्वराच्या पादुका पालखीत ठेवतात, नादस्वरम आणि ढोल वाजतो, पुजारी चवरी ढाळतात, आणि पालखी त्याच्या गाभाऱ्याकडून मीनाक्षीच्या शेजघराकडे निघते. देव बायकोच्या घरी मुक्कामाला जातो. धुपाचा धूर एवढा दाटतो की पालखीआधी आवाजच पोचतो. दार लागतं, गाणं थांबतं, रक्षक माणसांना हळूहळू बाहेर काढतात. दोनेकशे माणसं एकाच वेळी चार दिशांना आपापल्या लॉजकडे चालू लागतात. मी अनेक तीर्थक्षेत्रं पाहिली आहेत. देवाची आणि यात्रेकरूची निजायची वेळ इतकी एकमेकांना बांधलेली मला दुसरीकडे जाणवली नाही. लॉजवर पोचेपर्यंत काउंटरवरचा माणूस शटर अर्धं ओढून वाट पाहत असतो. त्याला वेळ ठाऊक असते. कितीला याल असं तो संध्याकाळी विचारत नाही.

आणि पहाटे काउंटरवरच्या स्पीकरमधून सुप्रभातम्. देव तिरुपतीचा, स्तोत्र संस्कृत, आवाज एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा, त्या १९१६ मध्ये याच गावात, देवळाच्या सावलीतल्या घरात जन्मल्या. मदुराईच्या लॉजच्या जिन्यात तो आवाज ऐकताना तो घरी आलेला असतो.

या गावातल्या मुक्कामाची एक ओळखीची गोष्ट लॉजपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये गांधीजी पश्चिम मासी रस्त्यावर २५१-ए क्रमांकाच्या घरात, एका गुजराती यजमानांकडे वरच्या मजल्यावर राहिले. रस्त्यात आणि गाडीत भेटलेल्या गरिबांना अंगभर खादी परवडत नाही, हे त्यांच्या मनात घोळत होतं. २२ तारखेला सकाळी ते त्या घरातून बाहेर पडले ते आखूड पंचा नेसून, आणि तो पोशाख पुढे कायम राहिला. आज तिथं खादीचं दुकान आहे. मीनाक्षीच्या देवळात मात्र ते १९४६ मध्ये गेले. दलितांना दार बंद असलेल्या देवळात पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं; ए. वैद्यनाथ अय्यर यांनी ८ जुलै १९३९ रोजी दलित बांधवांना घेऊन प्रवेश केला, तेव्हा ते दार उघडलं. दुकानात खादीचा टॉवेल घेतला की आई वरच्या मजल्याकडे पाहून हात जोडते, आणि मग आम्ही लॉजवर येतो.

अलीकडे या रस्त्यावरचे जुने लॉज एकेक करून नवे होत आहेत. कोबा काढून चकचकीत टाइल, लाकडी रंगाची फळी, काचेचं न्हाणीघर, खिडकी कायमची बंद आणि एसी अनिवार्य. स्वच्छता वाढली, म्हातारी माणसं लिफ्टनं वर जातात, हे चांगलंच. पण बादलीच्या जागी फवारा आला आणि स्टूल गेलं, तेव्हा खाली बसून आंघोळ करणारी आजी अडचणीत आली. गच्चीवर खुर्च्या-टेबलं मांडून जेवणाची सोय झाली, तेव्हा दोऱ्या गेल्या. चोवीस तासांऐवजी दुपारी बाराचा नियम आला की पहाटेच्या गाडीनं येणारं कुटुंब सकाळभर सामानाशी बसून राहतं. ज्या मालकांनी दोन्ही जपलं, म्हणजे टाइल नवी केली आणि बादली ठेवली, त्यांना मी मनापासून दाद देते.

जाल तेव्हा स्टेशनहून टाउन हॉल रोडनं सरळ चालत निघा. उजव्या-डाव्या हाताला पेरुमाळ मेस्त्री रस्ता लागेल. दोन-तीन ठिकाणी वर जाऊन खोली पाहू द्या म्हणावं, पाहू देतात. आधी नळ सोडा. मग चोवीस तासांचा भाव आहे का विचारा, गरम पाण्याची वेळ विचारा, आणि गच्ची उघडी असते का. पुढच्या बाजूची खोली रस्त्याच्या आवाजाची. मागच्या बाजूची, तिसऱ्या मजल्याच्या वरची घ्या. बरोबर म्हातारं माणूस असेल तर एक जास्तीची चटई मागून ठेवा, पोऱ्या हसत आणून देतो.